करमंल, म्हणाले मी

वहिनी, तुमच्या तेराव्याची पंगत उठली होती आणि मी पत्रावळ्या गोळा करत होते. कुसुम पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मागोमाग फिरत होती. फिरता फिरता हळूच म्हणाली, "आत्या, मला तिथं करमत न्हाय." मी मान वर न करता म्हणाले, "करमंल गं. नवं नवं असंच असतंय."

शब्द तोंडातून गेले आणि मग ते मला ऐकू आले. पत्रावळ्यांचा ढीग अंगणात तसाच टाकून मी मागच्या दारी गेले आणि आडाच्या कठड्याला धरून उभी राहिले. बायकांना वाटलं, नणंदेला भरून आलं. एकीनं पाठीवरून हात फिरवला. भरून आलं नव्हतं वहिनी, लाज वाटली होती. तुमच्या चितेची राख नीट निवली नसेल, आणि जे तुम्हाला इतकी वर्षं ऐकवलं तेच तुमच्या लेकीला ऐकवून मी मोकळी झाले होते.

शनिवारी तिला न्यायला सासरहून माणूस येणार होता. मधे थोडे दिवस होते. तेवढ्यात कुसुमचं काय करायचं ते ठरवायला हवं होतं, आणि ते ठरवता ठरवता मला सगळं तुमचंच आठवत राहिलं. ते तुम्हालाच सांगते. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, आणि दादाला सांगायची छाती नाही.

तुम्हाला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, तेव्हा गल्लीतल्या बाया एकमेकींना सांगत होत्या, "भाग्याची गं. अहेव गेली." मी त्यांच्यातल्या एकीवर खेकसले, "पस्तिशी बघितली न्हाय तिनं, भाग्य कसलं डोंबलाचं?" दादा म्हणाला, "शांते, गप." मग मला तुमचं बोलणं आठवलं आणि त्या गर्दीत मला हसू फुटलं. "वन्सं, तुमचं नाव शांता ज्यानं ठेवलं त्याला एकदा गाठलं पायजे," असं तुम्ही म्हणायचात. आता असं कोण म्हणणार मला? गावात सगळे मला बाई म्हणतात आणि घाबरतात.

तुम्ही परंड्यात आलात तेव्हा मी परकरातली पोर होते. पोलीस ॲक्शन होऊन फार दिवस झाले नव्हते. दादाच्या कचेरीत उर्दू जाऊन मराठी येत होती आणि दादा संध्याकाळी माझ्या पाटीशेजारी बसून सरकारी मराठी शब्द घोकायचा. तुम्ही माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असाल, पण पहिल्या दिवसापासून मला "वन्सं" आणि "तुम्ही". मी नाक पुसत चिंचा खात बसलेली असायची आणि तुम्ही डोक्यावरचा पदर सावरून विचारायचात, "वन्सं, तुम्हाला भाकरी वाढू का?" मला इतकी ऐट चढायची की मी मुद्दाम दोनदा विचारायला लावायची.

आल्या आठवड्यातच तुम्ही आईला म्हणालात, "मला करमत न्हाय." आई म्हणाली, "का गं? काय कमी हाय?" तुम्ही म्हणालात, "रातीला मोटारी ऐकू येत न्हायत." सगळं घर हसलं. तुमचं नळदुर्गचं घर हैदराबादच्या रस्त्याला लागून. अंथरुणावर पडलं की मालमोटारी किल्ल्याकडून घरघरत यायच्या आणि तो आवाज ऐकत झोपायची तुम्हाला लहानपणापासून सवय. आमच्या परंड्यात दिवे गेले की कुत्री आणि वारा. दादाला कचेरीतले लोक चिडवायचे, "साहेब, भोंगा तरी आणून ठेवा घरात." आई म्हणाली, "करमंल. पोर झालं की करमंल." आणि कुसुम झाली, तिच्या मागं धावण्यात तुम्हाला खरंच करमायला लागलं. आमचं उत्तर एकदा बरोबर निघालं होतं, वहिनी. त्याच भरवशावर आम्ही ते पुढं किती वर्षं वापरलं.

पण मला तरी कळायला हवं होतं. मला, कारण तो शब्द मी स्वतः वापरला होता.

मला भूमकडच्या एका गावात दिलं होतं. पहिल्या दिवाळीला माहेरी आले आणि परत जायचं नाव काढीना. आई विचारायची, "का गं?" मी म्हणायची, "करमत न्हाय." आई म्हणायची, "करमंल." दोघींचं हे रोज चालायचं. तिकडं नवरा शेतावर जाताना मला धान्याच्या खोलीत घालायचा आणि बाहेरून कडी लावायचा. मारायचा नाही, बोलायचाही नाही. नव्या सुना पळून जातात असं त्याच्या आईनं त्याला सांगितलं होतं, तेवढं तो पाळायचा. दिवसभर मी पोत्यांवर बसून राहायची आणि संध्याकाळी कडी निघाली की चुलीपुढं जायची. हे आईला कुठल्या तोंडानं सांगायचं? नवरा मारत नाही, उपाशी ठेवत नाही, मग तक्रार कसली? त्यापेक्षा करमत न्हाय हे बरं होतं. तो शब्द टोपल्यासारखा आहे, त्याखाली काहीही झाकता येतं.

एका दुपारी तुम्ही माझी वेणी घालत होतात. मी भिंतीकडं तोंड करून बसले होते, केस तुमच्या मुठीत होते. तुम्ही विचारलंत, "वन्सं, करमत न्हाय म्हंजी काय व्हतं हो तुम्हाला?"

तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. का करमत नाही, हे सगळ्यांनी विचारलं होतं. काय होतं, हे फक्त तुम्ही. समोर बसून विचारलं असतंत तर मी काहीतरी थाप मारली असती. पण तुम्ही मागं होतात, फणी चालू होती, मला फक्त भिंत दिसत होती. मी सगळं सांगितलं. खोली, कडी, पोती, आणि त्या खोलीत मला कधीकधी आपण आहोत की नाही हेच कळायचं नाही, तेसुद्धा. तुमची फणी थांबली नाही. तुम्ही "अगं बाई" म्हणाला नाहीत. वेणी पुरी केलीत, आगवळ आवळून बांधलंत, उठलात आणि तडक दादापुढं जाऊन उभ्या राहिलात. तेव्हा दिवसाउजेडी नवऱ्याशी चार शब्द बोलायची तुमची प्राज्ञा नव्हती. दादा कागद वाचत होता.

"वन्सं जाणार न्हायत," तुम्ही म्हणालात.

दादानं कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "ही दरख्वास्त हाय का हुकूम?"

"काय बी म्हणा. जाणार न्हायत त्या."

आईनं घर डोक्यावर घेतलं. लोक काय म्हणतील, टाकलेली म्हणतील, हिला जन्मभर पोसणार कोण. सगळं बोलणं तुम्ही अंगावर घेतलंत. आई तुमच्याशी कितीतरी दिवस भांड्यांच्या आवाजातून बोलत होती. पुढं मला शाळेत घालायचं तुम्हीच काढलंत. मी अभ्यासाला बसले की माझ्या वाटचं दळण तुम्ही ओढलंत, माझ्या वाटच्या भाकरी तुम्ही थापल्यात. मी मास्तरीण झाले, पहिल्या दिवशी शाळेत निघाले, तेव्हा तुम्ही उंबऱ्यापर्यंत आलात आणि म्हणालात, "वन्सं, पायात चप्पल घाला की, आता बाई झालात." तुमच्या पायात चप्पल नव्हती. ते मला तेव्हा दिसलंही नाही.

मधे तुमचं बाळ गेलं होतं. कुसुमच्या पाठीवरचा मुलगा, नाव ठेवायच्या आधीच. तुम्ही रडलात, मग उठलात, चुलीला लागलात. पावसाळा संपता संपता एकदा ताटं वाढताना तुम्ही म्हणालात, "मला करमत न्हाय."

शब्द तोच होता, म्हणून आम्ही उत्तरही तेच दिलं.

दादानं जमेल तसं केलं. त्याला दगड म्हणू नका. त्यानं बार्शीहून तुमच्यासाठी शिलाईचं यंत्र आणलं, जुनं पण चांगलं, हातानं फिरवायचं. "टाईम जाईल तिचा," असं मला म्हणाला. आईनं कालवड आणवली, की जनावराला माया लावली की जीव रमतो. मी तुम्हाला गोष्टींची पुस्तकं आणून दिली आणि अक्षरं लावून वाचायला बसवलं, वेळ जाईल म्हणून. आता विचार करते तर कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. तुमच्याकडं वेळ होता कधी? तांबडं फुटायच्या आधी उठून तुम्ही सगळ्यांच्या शेवटी टेकायचात, आणि आम्ही तिघं तुमचा वेळ कसा जाईल ह्याच्या विवंचनेत होतो. यंत्र अजून फडक्याखाली कोपऱ्यात आहे. कालवड गाय झाली, व्याली, तिचीही कामं तुमच्याच गळ्यात पडली.

मग ते आडावरचं. आईनं पहिल्यांदा बघितलं. तुम्ही पोहरा आडात सोडलात, भरलात, वर ओढलात आणि सगळं पाणी परत आडात ओतलंत. परत पोहरा सोडलात. आई आधी ओरडली, मग तिनं मला बोलावून आणलं. आम्ही दोघी दारात उभ्या. तुमचा पदर भिजला होता, हाताला दोर काचला होता, आणि चेहऱ्यावर काही नाही. मी हाक मारली तेव्हा तुम्ही पोहरा खाली ठेवलात आणि म्हणालात, "झालंच वन्सं, आलेच." जशा रोज म्हणायचात तशाच.

आई म्हणाली, बाहेरचं आहे. सोनारीला न्यायचं ठरलं.

गाडी जुंपून आपण सगळे भैरोबाला गेलो, कुसुमला मांडीवर घेऊन. दर्शन झालं, आईनं पुरणाचा निवद हातात घेतला आणि देवळाच्या पायरीवर एका वानरानं तो असा अलगद उचलला की आईच्या हाताला कळलंसुद्धा नाही. आई किंचाळली, "आगं आगं, देवाचा निवद!" वानर वर जाऊन बसलं आणि पुरणपोळीची घडी उलगडून, आतलं पुरण आधी, असं सावकाश खायला लागलं. आणि वहिनी, तुम्ही हसलात. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. आई आधी चिडली, मग तीही हसली. त्या दिवशी आपण तिथंच ओवरीत मुक्काम केला. तुम्ही खांबाला टेकून बसून होतात. येणारीजाणारी माणसं बघत होतात. कुठली कोण एक म्हातारी शेजारी येऊन बसली, तिच्याशी काहीतरी बोललात. कुसुमला मी सांभाळत होते, स्वयंपाक आई करत होती. तुम्हाला कुणी काही मागत नव्हतं.

परत आल्यावर तुमचं बरं चाललं. आई म्हणाली, देवानं गुण दिला. मग जमेल त्या रविवारी तुम्ही सोनारीला जायला लागलात, आईबरोबर नाहीतर शेजारणीबरोबर. पोहरा परत आडात गेला नाही.

आणि मग माझी अक्कल आडवी आली. नवी नवी मास्तरीण, डोक्यात नवे विचार, तोंड मुळातच चालू. रविवारी गाडी निघायच्या वेळी मी ओसरीवर उभी राहून भाषण ठोकलं. काय बाहेरचं, काय आतलं, एवढा शिकलेला माणूस घरात आणि बायकोला अंगारे धुपारे. आजारी असेल तर डॉक्टरला दाखवा, नसेल तर ही थेरं बंद करा. दादाला माझं कौतुक. बहीण शिकली, बोलते कशी. त्यानं बैल सोडायला सांगितले.

तुम्ही गाडीतून खाली उतरलात. नैवेद्याची दुरडी हातात होती. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणालात, "देवासाठी कोण जातंय वन्सं?"

आणि मी काय म्हणाले? "बघा! तुमचाबी विश्वास न्हाय!" असं म्हणाले. वाद जिंकले मी. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं होतं, हेसुद्धा तुम्हाला सांगून टाकते.

डॉक्टरला कुणी दाखवलं नाही. सोनारी तेवढी बंद झाली.

त्यावर आपलं पुढं बोलणं झालं नाही. तुम्ही विषय काढला नाहीत, मला काढायचं कारण नव्हतं, मी तर बरोबर होते. तुम्ही पुन्हा पाणी ओतलं नाहीत, हे खरं. तुम्ही काहीच केलं नाहीत. विचारलं की म्हणायचात, "बरं हाय." आई गेली तेव्हा तिचं सगळं तुम्ही केलंत, कुसुमचं लग्न केलंत, गाईचं केलंत, माझा डबा रोज वेळेवर दिलात. मोठी शांत आहे वहिनी माझी, असं मी शाळेतल्या बायकांना सांगायची. शांत! तुम्ही गल्लीतल्या कुणाशी बोलेनाशा झाला होतात. सणाला दारात रांगोळी काढायचं सोडलं होतंत. जेवताना घास हातात धरून कुठंतरी बघत बसायचात आणि मी म्हणायची, "वहिनी, गार व्हतंय."

सातवीच्या मुलींना मी व्याकरण शिकवते. भावकर्तृक क्रियापद म्हणजे ज्याला कर्ता नसतो. उजाडलं, सांजावलं, मळमळतं. उजाडलं, पण कुणी उजाडवलं असं नाही. यंदा एका मुलीनं उदाहरण दिलं, "तिला करमत नाही." मी शाबास म्हणाले आणि फळ्यावर लिहिलं. तुमच्या दुखण्याच्या थोडं आधीची गोष्ट. आता तो फळा डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्या घरात आम्ही सगळे ह्याच व्याकरणावर निर्धास्त होतो. वहिनींना करमत नाही, पण त्यात कुणी काही केलेलं नाही. दादानं हात उचलला नाही, आईनं उपाशी ठेवलं नाही, आणि मी तर तुमच्याच बाजूची. कर्ता कुणीच नाही, मग जाब कुणाला विचारायचा?

ताप तुम्ही अंगावर काढलात. किती दिवस, ते आम्हाला माहीत नाही. चुलीपुढं बसल्या जागी कलंडलात तेव्हा कळलं. बार्शीला न्यायला आपण मोटारीत बसलो. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, अंग तव्यासारखं. तुम्ही मला म्हणालात, "शाळा बुडली तुमची." मी म्हणाले, "बुडू द्या, तुम्ही बऱ्या व्हा आधी." मग मोटार रस्त्याला लागली, घरघर सुरू झाली आणि तुम्ही डोळे मिटलेत. इतक्या गाढ झोपलात की मी दादाला खुणावून दाखवलं. मला वाटलं, ताप उतरला. कपाळावरची ती बारीक आठी गेली होती. मी तुम्हाला उठवलं नाही, उन्हाची तिरीप तोंडावर येत होती तेवढी हातानं अडवली. तुमच्यासाठी मी धड एवढंच केलं. बार्शीला डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

आता कुसुमचं.

तेराव्यानंतर मी तिला टाळत होते. ती गाईचं करायची, चूल बघायची, माझा डबा भरायची, तुमच्यासारखीच वेळेवर. शुक्रवारी मी शाळेतून लवकर आले. ती अंगणात जोंधळे निवडत बसली होती, केसांच्या जटा झाल्या होत्या. मी फणी आणि तेल घेऊन तिच्या मागं बसले. ती म्हणाली, "राहू द्या आत्या, मी घालते." मी म्हणाले, "गप बस." तिचे केस तुमच्यासारखेच आहेत, जाड आणि हट्टी. गुंता सुटता सुटेना. मी पहिल्यांदा नुसती वेणीच घालणार होते. मग विचारलं.

"कुसुम, करमत न्हाय म्हंजी काय व्हतं गं तुला?"

ती जोंधळ्यातले खडे काढत राहिली. मग म्हणाली, "आत्या, कुणी माझं नाव घेऊन हाक मारली ना, तर दुसऱ्या कुणाला मारली असं वाटतंय. मी आपली बसून ऱ्हाते. मग मारतात."

मी फणी थांबवली नाही. तुमच्याकडून शिकले होते तेवढं. ती बोलत गेली. कोण मारतं, कशानं, ते सांगितलं. भाकरी थापता थापता हात थांबतो आणि मग पीठ कशासाठी घेतलं तेच आठवत नाही, ते सांगितलं. सकाळी डोळे उघडले की रडू येतं, पण रडायला कारण सापडत नाही, म्हणून ती कांदा चिरायला बसते. म्हणाली, "आई बी कांदा चिरायची."

वहिनी, तुम्ही कांदा चिरायचात. ते मला माहीत नव्हतं. एका घरात राहून आम्ही नुसतं म्हणायचो, वहिनी कांदा फार घालतात.

वेणी घातली, आगवळ बांधलं, आणि मी दादाकडं गेले. तो तुमच्या खोलीत यंत्रापुढं बसला होता. फडकं काढलं होतं आणि चाक हातानं उगीच फिरवत होता. मी म्हणाले, "कुसुम जाणार न्हाय."

त्यानं वर बघितलं. मला वाटलं, आता लोक काय म्हणतील ते सुरू होईल. तो म्हणाला, "हिच्या आईनं बी असंच येऊन सांगितलं होतं. तुझ्या टायमाला." मग मी त्याला कुसुमनं सांगितलेलं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. चाक थांबलं होतं. शेवटी तुमच्या यंत्रावर हात ठेवून म्हणाला, "आणि हिला? हिला काय व्हत व्हतं गं, शांते?"

"मला म्हाईत न्हाय."

"तू कधी विचारलं न्हाईस?"

"न्हाय. तू?"

त्यानं मान हलवली. आम्ही दोघं शिकलेली भावंडं त्या यंत्राच्या दोन बाजूंना बसून राहिलो. मी तुमची माफी मागणार नाही, वहिनी. तुम्ही लगेच "त्यात काय वन्सं" म्हणाल आणि मला मोकळं कराल. मला एवढ्यात मोकळं व्हायचं नाही.

शनिवारी कुर्डुवाडीच्या मोटारीनं कुसुमचा चुलतसासरा आला. पाणी घेतलं, गूळ घेतला, आणि पोरीची तयारी झाली का म्हणून विचारलं. दादानं घसा खाकरला आणि कचेरीत सांगावं तसं सांगितलं, "तिची रवानगी सध्या तहकूब हाय." पाहुण्याला वाटलं, चेष्टा आहे. दादा म्हणाला, "पुढचं मी येऊन बोलतो तुमच्याशी. पोरगी इथंच ऱ्हाईल." पाहुणा चढ्या आवाजात बोलायला लागला, गल्ली गोळा झाली. दादा घाबरलेला होता, मला दिसत होतं. पण तो उठला नाही. पुढं काय होईल, ते मला माहीत नाही. भांडण होईल, बैठक बसेल, लोक म्हणतील एका घरात दोन टाकलेल्या. म्हणू द्या.

बार्शीच्या डॉक्टरलाही तिला दाखवणार आहे. ते मी ह्या वेळी विसरणार नाही.

आज रविवार. सकाळी मी शेजाऱ्यांची गाडी सांगितली, दुरडीत पुरणपोळ्या भरल्या, वानराची एक जास्त, आणि कुसुमला लुगडं बदलायला लावलं. दादा ओसरीवर दात घासत उभा होता. मला बघून त्याचा हात थांबला.

"शांते, तू? सोनारीला?"

"देवासाठी कोण जातंय दादा," मी म्हणाले.

दादानं चूळ भरली, तोंड पुसलं आणि विचारलं, "मग कशासाठी?"

त्या दिवशी मी तुम्हाला एवढंच विचारायचं होतं, वहिनी.